कंपवात आणि रक्ताचे नाते

कंपवाताचे निदान झाले की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो : हा आजार मुलांकडे जाईल का? बहुतेक कुटुंबांत तसे घडत नाही. मात्र चाळिशीच्या आत लक्षणे दिसली, तर जनुकांचा विचार करावा लागतो.

१९९८ साली जपानी संशोधकांनी ‘पार्किन’ हे जनुक शोधले. त्यातील दोषामुळे होणाऱ्या आजारात कित्येकदा हात थरथरण्याआधी चालताना पाऊल आत वळते, बोटे आखडतात. झोपून उठल्यावर मात्र रुग्ण बराच मोकळा असतो. (घरच्यांना हे सोंग वाटते, आणि रुग्णाच्या मनाला तेच अधिक लागते.) लिव्होडोपाची अल्प मात्राही गुणकारी ठरते, परंतु अंगाच्या अनैच्छिक हालचाली लवकर सुरू होऊ शकतात. आजार संथपणे वाढतो, स्मृती बहुधा शाबूत राहते.

हा दोष आई आणि वडील या दोघांकडून आला तरच आजार होतो. म्हणून आत्ते-मामे भावंडांचे विवाह होणाऱ्या घराण्यांत त्याची शक्यता वाढते. रुग्णाच्या सख्ख्या भावंडाला धोका चारात एक. जोडीदार नात्यातला नसेल, तर मुलांना फारच थोडा. जनुकीय तपासणीपूर्वी समुपदेशकाकडे जाताना वंशावळ लिहून न्यावी. आजीच्या माहेरची माणसे तीत हमखास राहून जातात.