फुटबॉल न येणाऱ्यांचा फुटबॉल क्लब

भोपाळ हे हॉकीचं गाव. औबेदुल्ला खाँ कप 1931 पासूनचा, आणि 1975 च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बरोबरीचा गोल मारणारा अस्लम शेर खान इथलाच. तरीही शहराच्या उत्तरेला, बैरसिया रस्त्यावरच्या करोंदमध्ये संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर नजर टाकली तर पोरांच्या पायात फुटबॉलही दिसतो. पलीकडून मंडीच्या ट्रॉल्या धूळ उडवत जातात आणि चपलांचे गोलपोस्ट दर दोन मिनिटांनी जागा बदलतात. ते बघून वसाहतीतल्या चार पालकांना वाटतं, यांचा एक क्लब काढावा. मग बैठक होते, चहा होतो आणि गाडी एकाच वाक्याशी अडते: "पण आपल्यापैकी फुटबॉल येतो कुणाला?"

या प्रश्नाचं उत्तर इथून रेल्वेने सुमारे 390 किलोमीटरवर, इटारसी-बैतूल ओलांडून नागपुरात, दोन दशकांहून अधिक काळ मिळतंय. स्लम सॉकर नावाच्या संस्थेकडे.

तिची सुरुवात करणारे विजय बारसे हे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. 2001 मधली पावसाळी दुपार. झोपडपट्टीतली पोरं भर पावसात एक फुटकी बादली लाथाडत होती. ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती आता दंतकथेसारखी वाटते. पण मला त्यातली बादली महत्त्वाची वाटत नाही, त्यानंतरची खटपट वाटते. बारसे सरांनी पोरांना चेंडू दिला आणि तेवढ्यावर समाधान मानून घरी गेले नाहीत. त्यांनी स्पर्धा ठरवली, नाव ठेवलं 'झोपडपट्टी फुटबॉल'. पहिल्याच स्पर्धेला 128 संघ उतरले असं सांगतात. 128 संघ म्हणजे नुसता खेळ नव्हे. कुणी नावं लिहून घेतली असतील, कुणी वेळापत्रक लावलं असेल, कुणी फक्कीने मैदान आखलं असेल, कुणी हरलेल्या पोरांची भांडणं सोडवली असतील. त्या माणसांची नावं कुठल्याही बातमीत नाहीत.

पुढे अमेरिकेतून परतलेला मुलगा अभिजित यात उतरला आणि वडिलांची धडपड एका नीट चालणाऱ्या संस्थेत बदलली. तिचा कारभार अभिजित बारसेच पाहतात. 'होमलेस वर्ल्ड कप' ही बेघर आणि वंचित खेळाडूंची जागतिक स्पर्धा 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली. भारताचा संघ तिथे जातो तो स्लम सॉकरमार्फत. 2010 मध्ये रिओला गेलेल्या संघाचा कर्णधार होता नागपूरचा अखिलेश पॉल. पोलिसांना चुकवत फिरण्यापासून कर्णधारपदापर्यंतचा प्रवास त्याने पुढे 'सत्यमेव जयते'च्या 2014 मधल्या भागात स्वतःच सांगितला. 2016 मध्ये फिफाने संस्थेला विविधता पुरस्कार दिला. पुरस्कारांची यादी इथेच थांबवू.

करोंदच्या दृष्टीने जास्त कामाची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे जागेचं गणित. होमलेस वर्ल्ड कपचं मैदान 22 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. एका बाजूला गोलकीपर धरून चौघे, सात-सात मिनिटांचे दोन डाव. म्हणजे साधारण 3,800 चौरस फूट, 30 बाय 40 चे तीन प्लॉट आणि वर थोडंसं. मोठ्यांच्या पूर्ण मैदानात अशी वीस मैदानं बसतील. 'आमच्याकडे ग्राउंडच नाही' असं म्हणणाऱ्यांनी आधी टेप घेऊन प्लॉट मोजावा. शिवाय लहान मैदानात पोराच्या पायाला चेंडू सारखा लागतो. अकरा-अकरांच्या सामन्यात आठ वर्षांचं मूल बहुतेक वेळ नुसतं पळत असतं, आणि थंडीच्या दिवसांत तेही सोडून स्वेटरच्या बाहीशी खेळत उभं राहतं.

स्लम सॉकरचं सत्र बघायला गेलेल्याला पहिल्यांदा जरा गोंधळल्यासारखं होतं, कारण खेळात अभ्यास मिसळलेला असतो. त्यांचा 'एज्युकिक' नावाचा उपक्रम आहे, त्यात गणित आणि इंग्रजी खेळातून शिकवतात. कोच बेरीज सांगणार, मुलं चेंडू पायाशी ठेवून उत्तराच्या आकड्याकडे पळणार, असा त्याचा बाज. आरोग्य, मुलगा-मुलगी भेद, व्यसन हे विषयही याच मार्गाने येतात. भाषण नाही. भाषण द्यायचं तर शाळा आहेच.

ही संस्था ज्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचा भाग आहे, त्यात 'फुटबॉल थ्री' नावाची पद्धत चालते. तिचा जन्म कोलंबियातल्या मेडेयिनचा. 1994 च्या विश्वचषकात चुकून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारून बसलेल्या कोलंबियन खेळाडू आंद्रेस एस्कोबारचा त्या शहरात खून झाला. त्यानंतर तिथल्या तरुणांना भांडणाशिवाय खेळवायचं कसं, या विचारातून ही रीत घडली. सामन्याचे तीन भाग: आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात, मग पुन्हा बसून कोण कसं वागलं याचे गुण एकमेकांना देतात. पंच नसतो, मध्यस्थ असतो. मेडेयिनमध्ये सुरुवातीला एक नियम असा होता की मिश्र संघाचा पहिला गोल मुलीनेच मारायचा. मुलांना मग चेंडू पास करणं भागच पडलं. मुलींनी मैदानात यावं यासाठी मला याहून साधा आणि चतुर उपाय माहीत नाही.

आता मुद्द्यावर येतो. यातला मध्यस्थ व्हायला फुटबॉल यावा लागत नाही. दोन्ही बाजूंचं ऐकून घेण्याचा धीर लागतो, आणि तो निवृत्त शिक्षिकेकडे, किराणा दुकानदाराकडे किंवा बीएच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीकडे माजी खेळाडूपेक्षा जास्त असू शकतो.

नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' (2022) मुळे बारसे सरांची गोष्ट देशभर पोचली, ते चांगलंच झालं. पण अमिताभ बच्चन पडद्यावर आले की बाकीचे सगळे झुंड होतात. सिनेमा एका माणसाचा झाला आणि संस्था मागे राहिली. माझ्या मते स्लम सॉकरचं खरं यश कुठल्या एका नायकात नाही. मैदानावर शिकलेली मुलं पुढे त्याच मैदानावर कोच झाली, अखिलेश पॉलही त्यांच्यातलाच, यात आहे. क्लब टिकतो तो दुसरी पिढी उभी राहिली तर.

मध्य प्रदेशातही हे घडलंय. शहडोल जिल्ह्यातलं विचारपूर हे आदिवासी गाव लोक 'मिनी ब्राझील' म्हणून ओळखतात. दारूच्या व्यसनात बुडू लागलेल्या तिथल्या पोरांना रईस अहमद यांनी फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. जुलै 2023 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या गावाचा उल्लेख केला, आणि शहडोल परिसरात 1,200 हून अधिक क्लब उभे राहिल्याचं सांगितलं. गावात जे जमलं ते राजधानीच्या उपनगरात का जमू नये?

ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनने 2018 मध्ये 'गोल्डन बेबी लीग' सुरू केली, लहानग्यांसाठी, छोट्या संघांची. तिच्या आयोजनात अकादम्यांबरोबर पालकांनाही जागा होती. पण लीगच्या आधी रोजची कामं येतात, आणि ती करणारे हात कमी असतात. चेंडू घ्यायचे तर वयाप्रमाणे: साधारण आठ वर्षांपर्यंत 3 नंबर, बारापर्यंत 4 नंबर, पुढे 5 नंबर. उत्साही काका सरसकट 5 नंबर आणतात आणि सहा वर्षांचं पोर पहिल्याच दिवशी अंगठा धरून बसतं. हवा भरण्याची पिन आधी ओली करून घालायची. कोरडी दामटली की व्हॉल्व्ह फाटतो, आणि रविवारची सकाळ पंक्चरवाल्याच्या दुकानात जाते. हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, लहानांना शिकवूच नये. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंत त्यावर बंदी आहे, आणि स्कॉटलंडने 2020 मध्ये बारा वर्षांखालच्यांच्या सरावातून ते काढून टाकलं.

एका बाबतीत मात्र मोकळीक नको. मुलांबरोबर एकटा मोठा माणूस कधीच नसावा, नेहमी दोघे असावेत, आणि त्यांतली एक बाई असेल तर उत्तम. नव्या माणसाची चौकशी करायला संकोच कसला? ज्याला चौकशीचा राग येतो त्याला नम्रपणे घरी पाठवावं. मुलींचे पालक त्यांना पाठवतील की नाही, हे क्लबच्या जर्सीवर ठरत नाही, संध्याकाळी त्यांना घरी कोण सोडतं यावर ठरतं.

आणि पालक. ओळीबाहेरून "अरे मार ना, मार!" ओरडणारा बाप हा प्रत्येक मुलांच्या क्लबचा जुना आजार आहे. त्याला गप्प बसवणं कठीण असतं, कामाला लावणं सोपं. त्याच्या हातात हजेरीची वही द्या. पंधरा दिवसांत त्याला कळतं की आपलं पोर चार सराव चुकलंय, आणि गोल न होण्याचं कारण कोचमध्ये नाही.

करोंदमधल्या मराठी मंडळींना एवढंच सांगायचं आहे. गणपतीची वर्गणी आपण बिनतक्रार गोळा करतो, मांडव घालतो, पोरांच्या स्पर्धा घेतो, दहा दिवस रात्री जागतो. क्लबला लागणारी सगळी कला आपल्याकडे आहे, फक्त ती अकराव्या दिवशी संपते. येत्या रविवारी सकाळी त्या प्लॉटवर जा, चेंडू न आणता जा. तिथे खेळणाऱ्या मुलांची नावं, वयं आणि घरच्यांचे फोन नंबर वहीत लिहून घ्या, प्लॉटच्या मालकाला भेटा, आणि आठवड्यातले कोणते दोन दिवस तुम्ही नक्की येणार ते मुलांना सांगा. सांगितलं की मग पाऊस असो, लग्न असो, मॅच असो, त्या दोन दिवशी जाच.