आपली ओवी, आपल्याच आवाजात

गेल्या वर्षी स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या एका आजींना त्यांची सून दवाखान्यात घेऊन आली. "डॉक्टर, सकाळी काय खाल्ले ते आईंना आठवत नाही; पण पणतूला मांडीवर घेतले की स्वतः जुळवलेली ओवी म्हणतात. रोज एखादा शब्द बदलतो. म्हणू द्यावी ना?" मी म्हणालो, "अवश्य! आणि आजच ती ध्वनिमुद्रित करून ठेवा."

चाल, लय आणि शब्द यांसाठी मेंदूचे अनेक भाग एकत्र काम करतात. म्हणूनच अलीकडच्या घटना विसरणाऱ्या व्यक्तीलाही जुनी चाल पुष्कळदा साथ देते व तिच्यात नवे शब्दही बसतात. गाण्याने आजार बरा होत नाही, औषधेही थांबवू नयेत. पण मन रमते आणि घरच्यांशी संवाद टिकतो.

गीतरचना ही नामवंतांचीच मिरासदारी नव्हे. पहाटे दळताना आपल्या बायकांनी माहेर, लेकरे आणि कष्ट ओव्यांत गुंफले. हेमा राईरकर व गी पॉतवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. अनेकींचे गाणे ध्वनिमुद्रितही झाले. गावोगावी पिठाची गिरणी पोहोचली आणि जाते थांबले. तरी ते आवाज उरले.

आपल्या घरी हे काम मोबाईलवर होते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा गोंधळ पुष्कळदा संध्याकाळी वाढतो. म्हणून सकाळची वेळ निवडावी. पंखा व दूरदर्शन बंद करावे, मोबाईल तोंडापासून हातभर अंतरावर स्थिर ठेवावा. आधी दोन घोट कोमट पाणी द्यावे, पाठीला आधार देऊन बसवावे. दोन-तीन मिनिटे पुरेत. प्रारंभी नाव व तारीख सांगावी. शब्द चुकला तरी मध्येच दुरुस्ती करू नये. अडखळणे हाही त्या आवाजाचाच भाग आहे. प्रत दोन ठिकाणी जपावी आणि गाणाऱ्याला विचारल्याखेरीज ती इतरांना पाठवू नये.

वयानुसार स्वरतंतू पातळ होतात, आवाज कापरा होतो; त्याचा संकोच नको. मात्र गाताना धाप लागली किंवा छातीत दुखले तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

त्या आजींचे शब्द आता अर्ध्यावरच सुटतात. सून मोबाईलवर त्यांचीच ओवी लावते, तेव्हा त्या पणतूच्या पाठीवर हलकेच ठेका धरतात. ध्वनिमुद्रण आणखी काही महिने लांबले असते, तर ते घर या ओवीला मुकले असते.