चिठ्ठी लिहिणारा आणि माल उचलणारा

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत गोदावरीवरचा शंकरराव चव्हाण प्रकल्प आहे, आणि त्याच विष्णुपुरीत १९८१ साली सुरू झालेली श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांना मी समोरच्या धरणाकडेच बघायला सांगतो. वरून येणारं पाणी इतकं, साठा इतका, मग किती दरवाजे उघडायचे? हा हिशोब कागदावर दहा वेळा करा, नदीतला एक थेंबही हलणार नाही. दरवाजा मात्र एकदा उघडला की खालच्या गावांना त्याची खबर लागते. तो दोनदा उघडला, उशिरा उघडला, किंवा उघडायचा राहून गेला, तर प्रत्येक वेळी परिणाम वेगळा होतो.

फंक्शनल प्रोग्रामिंग भाषांचा सगळा पेच या फरकात आहे. हॅस्केलसारख्या भाषेत फंक्शन म्हणजे गणितातलं फंक्शन: तेच आत घातलं की तेच बाहेर येणार, बाकी जगाला धक्का नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचं काम नेमकं उलट, म्हणजे जगाला धक्का देणं. फाइल उघडणं, पडद्यावर लिहिणं, दुसरा प्रोग्राम सुरू करणं, वेळ विचारणं. मग जी भाषा धक्का द्यायलाच नकार देते, ती सिस्टिमशी बोलते कशी?

हे समजायला नांदेडहून लातूरला, बाजार समितीच्या आवारात जाऊ. सोयाबीनच्या हंगामात आडत दुकानात शेतकऱ्याला पट्टी मिळते. समजा वजन १२.४० क्विंटल, दर ४,५०० रुपये, हमाली आणि तोलाई मिळून क्विंटलमागे १८ रुपये. माल ५५,८०० रुपयांचा, कपात २२३.२० रुपये, हातात ५५,५७६.८० रुपये. वजन आणि दर घेऊन रक्कम देणारं हे एक निर्मळ फंक्शन आहे. त्याला आपण 'पट्टी' म्हणू. ते सकाळी चालवा, रात्री चालवा, दोन माणसांकडून करून घ्या, उत्तर तेच. म्हणूनच कंपायलर त्याच्याशी मोकळेपणाने वागतो. दोनदा लागणारा हिशोब एकदाच करून ठेवतो, न लागणारा सोडून देतो, क्रम बदलतो. हॅस्केल तर मुळातच आळशी भाषा आहे. उत्तराची गरज पडेपर्यंत ती हिशोबाला हात लावत नाही.

आता 'पट्टी छाप' हेही असंच साधं फंक्शन आहे असं धरा. त्याचं उत्तर पुढे कुणाला लागलं नाही तर ते चालणारच नाही. दोन ठिकाणी लागलं तर एकदा छापेल की दोनदा? आधी वजन वाचेल की आधी पट्टी छापेल? आळशी भाषेत याला नेमकं उत्तर नाही. ओकॅमल किंवा लिस्पसारख्या भाषांनी यावर सरळ मार्ग काढला: हिशोब गरजेची वाट न बघता तिथल्या तिथे होतो, तर छपाईही फंक्शनमध्येच होऊ दे. तो मार्ग व्यवहारी आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण त्यात फंक्शनचं नाव आणि प्रकार वाचून ते नुसतं मोजतं आहे की दरवाजाही उघडतं आहे, हे सांगता येत नाही.

१९९० साली हॅस्केलची पहिली व्याख्या आली तेव्हा या प्रश्नाला दिलेलं उत्तर आजच्या विद्यार्थ्याला विचित्र वाटेल. अख्खा प्रोग्राम म्हणजे एकच फंक्शन. आत येणार सिस्टिमच्या उत्तरांची यादी, बाहेर जाणार विनंत्यांची यादी. पहिली विनंती 'ही फाइल वाच', दुसरी 'हे छाप', आणि उत्तरं त्याच क्रमाने. यादी आळशी असल्यामुळे पहिली विनंती बाहेर पडायला सगळी उत्तरं हातात असावी लागत नाहीत. युक्ती सुंदर होती, पण वापरायला फार नाजूक. विनंती पाठवण्याआधीच चुकून तिचं उत्तर उलगडायला गेलात की प्रोग्राम जागीच अडकतो: उत्तर विनंतीची वाट बघतंय, विनंती उत्तराची.

हा इतिहास आपल्यापासून फार लांबचा नाही. मार्क जोन्स यांनी १९९१ च्या सुमारास हॅस्केलची गोफर नावाची छोटी बहीण तयार केली, तिच्यातही ही संवादाची पद्धत होती. पुणे विद्यापीठात १९९० च्या दशकात विद्यार्थ्यांना शिकवायला गोफरच वापरली जात होती, आणि तिथे तिचं 'प्यूगोफर' नावाचं स्थानिक रूपही घडलं. परदेशातून आलेली भाषा जशीच्या तशी न घेता, विद्यार्थ्यांना अडणाऱ्या जागा बघून तिची लेखनपद्धतच बदलण्याची हिंमत आपल्याकडच्या एका विभागाने दाखवली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

१९९६ च्या हॅस्केल १.३ मध्ये नवी पद्धत आली, तीच आजची. तिच्यामागे युजेनियो मोगी यांचं गणित आहे, आणि ते प्रोग्रामरच्या हाती दिलं फिलिप वॉडलर आणि सायमन पेटन जोन्स यांनी. पुस्तकं तिला 'मोनाड' म्हणतात आणि मुलं त्या शब्दालाच घाबरतात. आपण पुन्हा आडत दुकानात जाऊ.

गादीवरचा मुनीम पोतं उचलत नाही. तो चिठ्ठी लिहितो आणि माल उचलतो हमाल. मुनीमाने चिठ्ठी लिहून खिशात ठेवली तर गोदामात काही हलत नाही. तीच चिठ्ठी दोन प्रतींत लिहिली तरी हलत नाही. हॅस्केलमध्ये 'रीडफाइल' हे फंक्शन फाइल वाचत नाही. ते 'ही फाइल वाच' अशी चिठ्ठी देतं. चिठ्ठी ही एक साधी वस्तू आहे, संख्येसारखी. ती यादीत ठेवता येते, दुसऱ्या फंक्शनला देता येते, वापरलीच नाही तरी चालतं. तिचा प्रकार असतो 'आयओ स्ट्रिंग', म्हणजे 'बजावल्यावर मजकूर मिळेल अशी चिठ्ठी'. आणि 'साखर आणा' असं लिहिलेल्या चिठ्ठीत साखर नसते, तसा या चिठ्ठीत मजकूर नसतो. म्हणून 'पट्टी'सारख्या निर्मळ फंक्शनला चिठ्ठी फोडून आतला मजकूर काढता येत नाही.

मग मजकूर वापरायचा कसा? एक चिठ्ठी दुसरीला जोडून. 'काट्यावरून वजन आण, आणि ते आलं की त्यावरून पुढची चिठ्ठी अशी लिही' ही जोडणी म्हणजेच मोनाडचं मुख्य काम. तिच्यामुळे क्रमही आपोआप पक्का होतो, कारण पुढची चिठ्ठी मागचीच्या उत्तरावर टांगलेली असते. लिहिताना ते असं दिसतं:

मेन = डू
  मजकूर ← रीडफाइल "आजची आवक"
  पुटस्ट्रलाइन (पट्ट्या मजकूर)

यात 'पट्ट्या' हे निर्मळ फंक्शन आहे, अख्ख्या आवकेच्या पट्ट्या करणारं. वरखालच्या दोन गोष्टी चिठ्ठ्या आहेत. 'मेन' हे त्या जोडून झालेल्या एकाच लांब चिठ्ठीचं नाव. अख्खा प्रोग्राम म्हणजे ही चिठ्ठी, आणि तिची अंमलबजावणी करणारा हमाल म्हणजे भाषेचं रनटाइम.

हमाल तरी माल कुठून आणतो? गोदामाची किल्ली त्याच्याकडेही नसते, ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे असते. रनटाइम कर्नलच्या दारात जाऊन ठरलेल्या क्रमांकाची मागणी करतं, हा सिस्टिम कॉल. नेहमीच्या ६४ बिटी पीसीवरच्या लिनक्समध्ये 'रीड'चा क्रमांक ०, 'राइट'चा १, आणि असे तीनशेहून अधिक कॉल आहेत. फाइल उघडली की कर्नल एक छोटी संख्या परत देतो. सुरुवातीलाच ०, १ आणि २ दिलेल्या असतात: येणारा मजकूर, जाणारा मजकूर, आणि चुकांचे निरोप. पुढचं सगळं वाचन-लेखन त्या संख्येच्या नावाने चालतं. काम झालं नाही तर कर्नल त्रुटीचा क्रमांक देतो, 'अशी फाइल नाही' याला २, 'परवानगी नाही' याला १३. रनटाइम त्याचं भाषेतल्या अपवादात रूपांतर करतं.

या दारापाशी मराठी माणसाला हमखास अडवणारी एक गोष्ट आहे. कर्नलला अक्षरं कळत नाहीत, फक्त बाइट कळतात. 'लातूर' या शब्दात युनिकोडची ५ चिन्हं आहेत: ल, काना, त, दीर्घ उकार, र. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून 'लातूर' १५ बाइटांचं. 'नांदेड' ६ चिन्हांचं, १८ बाइटांचं. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिममध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे इंग्रजीत २५५ अक्षरं, आपल्याला जेमतेम ८५ चिन्हं. बाइटांची अक्षरं करायचं काम रनटाइमचं, आणि ते कोणत्या नियमाने करायचं हे ते वातावरणातल्या 'लँग' नावाच्या चलाकडे बघून ठरवतं.

मी स्वतः याला फसलो आहे. गावांची नावं असलेली यादी वाचून पट्ट्या करणारा माझा प्रोग्राम टर्मिनलवर नीट चालायचा. तोच रोज पहाटे आपोआप चालावा म्हणून 'क्रॉन'ला लावला, आणि सकाळी पाहतो तर पहिल्याच ओळीवर 'बाइटांचा क्रम अवैध' म्हणून बंद. दोन दिवस मी हिशोब तपासत बसलो. हिशोबात काहीच चूक नव्हती. टर्मिनलमध्ये 'लँग' यूटीएफ-८ सांगत होतं, क्रॉन मात्र प्रोग्रामला जवळजवळ रिकामं वातावरण देतो. रनटाइमने यादीतलं देवनागरी अक्षर साध्या इंग्रजीच्या नियमाने वाचायचा प्रयत्न केला. उपाय एका ओळीचा: फाइल उघडली की तिला यूटीएफ-८ समज, असं चिठ्ठीतच लिहायचं. फंक्शन निर्मळ असलं तरी वातावरण निर्मळ नसतं, हे त्या दोन दिवसांत कळलं.

दुसरा सापळा आळसाचा. 'रीडफाइल' बजावली तरी मजकूर लगेच आत येत नाही. फाइल उघडी राहते आणि लागेल तसा मजकूर येतो. आता तीच फाइल वाचून, दर बदलून, त्याच नावाने परत लिहायला जा. हॅस्केल सांगतं की फाइल अडकलेली आहे, कारण वाचणारा अजून दारात उभा आहे आणि लिहिणाराही त्याच दारातून आत येऊ बघतोय. दुसऱ्या तऱ्हेने, फाइल हाताने घाईत बंद केली तर न वाचलेला मजकूर गेलाच. यावर मला पटलेला रस्ता असा: मजकूर एकदम पूर्ण वाचणारी फंक्शनं वापरावीत, नवा मजकूर वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये लिहावा, आणि शेवटी 'रिनेम' करून तिला जुन्या नावावर आणावं. एकाच फाइलसिस्टिमवर ही अदलाबदल कर्नल एका झटक्यात करतो. बघणाऱ्याला जुनी फाइल दिसेल नाहीतर नवी, अर्धी कधीच नाही. वीज जाण्याची खोड असलेल्या गावात ही सवय लावून घ्यावीच.

दुसरा प्रोग्राम चालवायचा असेल तर युनिक्सची जुनी तीन पावलं आहेत. 'फोर्क' म्हणजे स्वतःची प्रत काढणं, 'एक्झेक' म्हणजे त्या प्रतीने दुसऱ्या प्रोग्रामचं रूप घेणं, आणि 'वेट' म्हणजे मूळ प्रोग्रामने तिची वाट बघणं. संपताना त्या प्रतीने दिलेली संख्या ० असेल तर काम फत्ते, नसेल तर काहीतरी बिघडलं. हॅस्केलमध्ये याचीही चिठ्ठीच होते. फक्त आज्ञा एका लांब ओळीत लिहून शेलकडे, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवू नका. 'लातूर भाव' असं मधे जागा असलेलं नाव शेल दोन तुकड्यांत मोडतो. प्रोग्रामचं नाव वेगळं आणि त्याला द्यायच्या गोष्टींची यादी वेगळी, असं द्या.

एरलँगची तऱ्हा निराळी, आणि ती आपण सगळे रोज वापरतो. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर एरलँगवर चालतात. एका यंत्रावर वीस लाखांहून अधिक जोडण्या टिकवल्याचं त्यांनी २०१२ साली जाहीर केलं होतं. १९८६ च्या सुमारास एरिक्सनमध्ये जन्मलेली ही भाषा बाहेरच्या प्रोग्रामशी 'पोर्ट'मधून बोलते. तो प्रोग्राम सिस्टिमच्या दृष्टीने स्वतंत्र प्रक्रिया असतो, इकडून निरोप जातो, तिकडून निरोप येतो. पलीकडचा कोसळला तर अलीकडे 'तो गेला' एवढाच निरोप पोचतो. हिशोब करणाऱ्याच्या अंगावर काही येत नाही.

यातलं काही नुसतं वाचून पटणार नाही, म्हणून एक प्रयोग करून बघा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत लिनक्सवर वरचा तीन ओळींचा प्रोग्राम 'एसट्रेस' या साधनाखाली चालवा. प्रोग्रामने कर्नलकडे केलेली प्रत्येक मागणी ते ओळीने दाखवतं. सुरुवातीला बरीच गर्दी दिसेल: लायब्ररी शोधणं, स्मृती मागणं, रनटाइमचं घड्याळ लावणं. थोडं खाली 'आजची आवक' उघडल्याची ओळ सापडेल, तिच्यात देवनागरी नावाचे बाइट आकड्यांत उलगडलेले असतील. मग 'रीड', मग कधीतरी 'राइट १', आणि त्यात आपलं ५५,५७६.८०. शेवटी प्रोग्राम संपल्याची ओळ, ० घेऊन. आता 'रीड' आणि 'राइट' यांच्या मधली जागा नीट बघा. १२.४० गुणिले ४,५०० कुठे झालं, हमाली कुठे वजा झाली, ते तिथे शोधा. स्मृतीची एखादी मागणी दिसली तर दिसेल. गुणाकाराची एकही ओळ नसेल.