विषाणूंवरील गोळी व जनावरांची लस

नागपूरजवळील खापरी, दहेगाव, तेल्हारा, शिवणगाव या गावांच्या शिवारात मिहान प्रकल्प उभा आहे. तेथे औषधी गोळ्यांचा कारखाना आहे, तसेच एम्स रुग्णालयही आहे. माणसाच्या आजारावर गोळी निघते, तर जनावरांच्या विषाणुजन्य रोगावर ती का नसावी, असा प्रश्न पशुपालकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

जीवाणू स्वतंत्रपणे वाढतात. म्हणून पेनिसिलीनसारख्या औषधाने ते मरतात. विषाणू मात्र शरीराच्या पेशीत शिरून तिच्याच सामग्रीवर वाढतो. त्यावर पेनिसिलीन चालत नाही. परंतु शरीराजवळ स्वतःचा उपाय असतो. चोर दिसताच जागल्याने हाळी द्यावी, त्याप्रमाणे बाधित पेशी एक द्रव्य सोडते व शेजारच्या पेशी सावध होतात. या द्रव्यास इंटरफेरॉन म्हणतात. त्याचा शोध १९५७ साली आयझॅक्स व लिंडेनमन यांनी लावला.

हीच हाळी औषधाने देता येईल काय, या शोधातून टिलोरोन हे नारिंगी रंगाचे कृत्रिम औषध पुढे आले. ते तोंडावाटे दिल्यास उंदरांच्या रक्तात इंटरफेरॉन वाढते, असे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९७० साली दाखविले. मात्र बाधा होण्यापूर्वी दिल्यासच त्याचा गुण विशेष दिसला. माणसांत उंदरांइतका परिणाम आढळला नाही आणि दीर्घकाळ मोठी मात्रा दिल्यास डोळ्यांना अपाय झाल्याचे दिसून आले. रशियात ते माणसांच्या फ्लूसाठी वापरले जाते. अमेरिकेत त्यास मान्यता मिळालेली नाही.

शिवाय अशा औषधाने दिलेली हाळी थोडा काळच टिकते. लस शरीरास विशिष्ट शत्रूची ओळख करून देते व ती ओळख कित्येक महिने टिकते. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी चर्मरोग पसरला, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांस टोचण्यात आली, ती याच कारणाने. लम्पीचा विषाणू मारणारे खास औषध नाही.

म्हणून ग्राम कार्यकर्त्यांनी पशुपालकांस पुढील गोष्टी समजावून सांगाव्यात. निरोगी जनावरास साथ येण्यापूर्वीच लस टोचून घ्यावी. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. अंगावर गाठी व ताप दिसताच जनावर वेगळे बांधावे, गोठ्यातील माश्या, डास व गोचीड यांचा नाश करावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. जखमा चिघळल्यास कोणते औषध द्यावे, हे पशुवैद्यच ठरवतील. माणसांच्या गोळ्या जनावरांस देऊ नयेत. गोळीच्या आशेवर लसीचा दिवस चुकविल्यास होणारी हानी मागाहून भरून निघत नाही.