जागा भाड्याची, दप्तर आपले : लेखांक सातवा

मागील लेखांकात संकेतस्थळाच्या नावाची, म्हणजे डोमेनची, नोंदणी कशी होते याचा विचार आपण केला. नाव पदरात पडले तरी त्या नावामागचा मजकूर, छायाचित्रे आणि नोंदी कोठेतरी अहोरात्र चालू राहणाऱ्या संगणकावर ठेवाव्याच लागतात, आणि त्या संगणकावरील जागा महिन्याच्या वा वर्षाच्या बोलीने भाड्याने घेणे यालाच होस्टिंग म्हणतात. या जागेचे प्रकार अनेक असले आणि प्रत्येक विक्रेता आपलाच प्रकार सर्वोत्तम म्हणून पुढे करीत असला, तरी निवड करणाऱ्याने आरंभ करावा तो आपल्या गरजेपासून. म्हणून आज एक गाव आणि एक गरज डोळ्यांसमोर ठेवून बोलतो.

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बार्शीटाकळी हे तालुक्याचे गाव लागते. येथील हेमाडपंती धाटणीच्या देवीमंदिरात शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६ चा शिलालेख आहे. समजा, गावातील एखाद्या सार्वजनिक वाचनालयाने असे ठरविले की, मंदिरातील शिल्पे, शिलालेखाचा ठसा व त्याचे वाचन, आणि परिसरातील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत पडून असलेल्या हजारभर मोडी कागदांची छायाचित्रे अभ्यासकांसाठी खुली करावीत. वाचनालयाची शिल्लक बेताची. संगणकाचे ज्ञान असलेला एखादा तरुण शिक्षक, तोही उद्या बदली होऊन जाणारा. अशा संस्थेने कोणती जागा घ्यावी?

वऱ्हाडच्या वाचकाला भाडेपट्ट्याचे मर्म इतिहासाने शिकविलेले आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि १९०२ च्या करारान्वये सालीना २५ लाख रुपयांच्या बोलीवर हा मुलूख त्यांना कायमच्या पट्ट्याने दिला. सार्वभौमत्व निजामाचे, वहिवाट इंग्रजांची. पुढे निजामाने मुलूख परत मागितला तेव्हा, १९२६ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी ती मागणी साफ फेटाळून लावली. कागदोपत्री मालकी शाबूत असूनही ताबा मिळत नाही, ही स्थिती संकेतस्थळांच्या व्यवहारातही येते. संस्थेने पैसे भरलेले असतात, पण डोमेन एखाद्या कंत्राटदाराच्या नावे, होस्टिंगच्या खात्याचा परवलीचा शब्द त्याच्याच जवळ, आणि मजकुराची नक्कल कोणाजवळच नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, प्रकाराची चिकित्सा करण्यापूर्वी खाते संस्थेच्या नावे, संस्थेच्या कायम ईमेल पत्त्यावर उघडावे आणि हवे त्या दिवशी सारा मजकूर उतरवून घेता येईल की नाही, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

आता प्रकारांकडे वळू. ज्यात एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे एकत्र नांदतात, ते शेअर्ड होस्टिंग सर्वांत स्वस्त. सर्व्हरची देखभाल विक्रेता करतो, आपण सी-पॅनेलसारख्या पडद्यावरून मजकूर चढवावयाचा. उणीव अशी की, प्रक्रियाशक्ती सर्वांत वाटलेली असल्याने शेजारच्या संकेतस्थळावर गर्दी उसळली तर आपले मंदावते, आणि जाहिरातीत ‘अमर्याद’ म्हणून सांगितलेल्या जागेला फायलींच्या संख्येची व प्रक्रियाशक्तीची मर्यादा करारनाम्याच्या बारीक अक्षरांत घातलेली असते. पहिल्या वर्षाचा दर सवलतीचा आणि नूतनीकरणाचा दर त्याहून पुष्कळ चढा, हीदेखील सर्रास आढळणारी रीत. तेव्हा तुलना करावी ती दुसऱ्या वर्षाच्या दराची.

आमच्या वाचनालयाचा हिशेब मांडून पाहू. हजार कागदांची मूळ छायाचित्रे प्रत्येकी ८ मेगाबाइटची धरली तर ८ गिगाबाइट होतात; परंतु पडद्यावर वाचण्याजोगी प्रत ३०० किलोबाइटची पुरते, म्हणजे सारा संग्रह ३०० मेगाबाइटमध्ये मावतो. मूळ प्रती घरच्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात. महिन्याला दहा हजार भेटी आल्या आणि प्रत्येक भेटीत २ मेगाबाइट मजकूर गेला, तर मासिक वाहतूक २० गिगाबाइटची. एवढा भार साधे शेअर्ड होस्टिंग सहज वाहते. विक्रेता ९९.९ टक्के काळ सेवा चालू ठेवण्याची हमी देतो तेव्हा महिन्यात सुमारे ४३ मिनिटे ती बंद राहिली तरी हमी मोडत नाही. वाचनालयाला ती उणीव जाचक नाही.

व्ही.पी.एस. म्हणजे मोठ्या संगणकाचे आभासी विभाग पाडून प्रत्येकाला निश्चित स्मृती आणि प्रक्रियाशक्ती राखून देणे. येथे स्वातंत्र्य अधिक, आणि जबाबदारीही तेवढीच. सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर बसविणे, घुसखोरीवर नजर ठेवणे हे काम ग्राहकाचे, जर विक्रेत्याकडून देखभालीची वेगळी सेवा घेतली नसेल तर. बदली होऊन गेलेल्या शिक्षकाच्या पश्चात दोन वर्षे कोणी हात न लावलेला व्ही.पी.एस. हा संस्थेच्या अब्रूला धोका आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो. संपूर्ण संगणकच एकट्याने घेण्याच्या डेडिकेटेड प्रकाराचा विचार बँका आणि मोठी वृत्तपत्रे यांनी करावा.

क्लाऊडचे प्रयोजन निराळे. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल लागतो तेव्हा पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी दुपारच्या ठरावीक वेळी एकदम धावतात. अशा क्षणिक, प्रचंड मागणीसाठी सर्व्हरची संख्या तासाभरापुरती वाढवून पुन्हा घटविता येणे हे वरदान आहे. आकारणी वापरानुसार होते, आणि खर्चाची कमाल मर्यादा स्वतः घालून घेतली नाही तर बिल अंदाजाबाहेर जाते. मंजूर अंदाजपत्रकाच्या चौकटीत चालणाऱ्या संस्थेला निश्चित वार्षिक भाडेच मानवते.

सर्व्हर कोठे आहे हेही विचारावे. मुंबईतील सर्व्हर आणि बार्शीटाकळीचा वाचक यांतील अंतर प्रकाशतंतूतून काही मिलिसेकंदांत कापले जाते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंतच्या फेरीला दोनशेहून अधिक लागतात. घरच्याच संगणकावर संकेतस्थळ चालवावे, ही कल्पना उत्साही तरुणांना सुचते. परंतु वीज खंडित होण्याचा आणि बदलत्या आयपी पत्त्याचा विचार करता ती शिकण्यापुरती ठीक.

फुकटच्या जागेविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मोह तेथेच होतो. याहूने जिओसिटीज ही फुकट संकेतस्थळांची सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली आणि असंख्य लोकांनी हौसेने उभारलेली पाने नाहीशी झाली. स्वयंसेवकांनी त्यांतील काही भाग जतन केला, एवढेच. तथापि फुकट म्हणजे त्याज्य असेही नव्हे. ज्याची पाने आधीच तयार करून ठेवता येतात आणि ज्याला डेटाबेसची गरज नाही, असे संकेतस्थळ गिटहब पेजेससारख्या ठिकाणी १ गिगाबाइटच्या मर्यादेत विनामूल्य राहते, आणि मजकूर आपल्या संगणकावर जसाच्या तसा असल्यामुळे ते दुसरीकडे हलविणे अत्यंत सोपे असते. मोडी कागदांच्या संग्रहाला खरे पाहता हीच मांडणी मला सर्वांत योग्य वाटते. वाचनालयाला सभासदांची नोंदणी किंवा पुस्तकांची मागणी संकेतस्थळावरून घ्यावयाची असेल तरच भारतातील सर्व्हरवरचे शेअर्ड होस्टिंग घ्यावे.

भाड्याची जागा कितीही भक्कम असली तरी १० मार्च २०२१ ची स्ट्रासबर्गची घटना विसरू नये. तेथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीचे एक डेटा सेंटर आगीत पूर्ण जळाले, आणि ज्या ग्राहकांच्या बॅकअपच्या प्रतीही त्याच ठिकाणी होत्या त्यांचा मजकूर कायमचा गेला. वाचनालयाने एक प्रत कपाटातल्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी अकोल्यातील एखाद्या विश्वासू सभासदाकडे ठेवावी. त्यासाठी दर तिमाहीची तारीख कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवावी.

भाड्याची मुदत संपताना जागा बदलावयाची झाल्यास डोमेनच्या नोंदी कशा फिरवाव्यात, आणि त्या दिवसांत संस्थेचा ईमेलचा व्यवहार खंडित होऊ नये म्हणून कोणती तजवीज करावी, हे पुढील आठवड्यात पाहू.