रंग हवाच, पण सुती कापडावर

नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात कापूस पिकतो, आणि स्वयंपाकघर सजवायला बाजारातून चकचकीत पॉलिएस्टर येतं. भिंतीवरच्या शोभेला ते खुशाल चालावं. पण तवा-पातेलं उचलायची घडी आणि पोळ्यांचा रुमाल जुन्या सुती पातळाचाच शिवावा. पॉलिएस्टर सुमारे २६० अंशांना वितळतं आणि कातडीला चिकटतं. दमट हवेत सूत वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून सुती रुमालात गरम पोळीची वाफ जिरते आणि पोळी ओली होत नाही.

सूतही पेट घेतं, हा आक्षेप खराच आहे. त्यामुळे घडीला झालर किंवा लोंबते गोंडे नकोत (दिसतात छान, पण बर्नरशी सलगी करतात). जुनं कापड विरलेलं असतं, असंही म्हणतात. विरलेला भाग आत घालावा, काठ-पदराचा धड तुकडा वर, आणि गोधडीसारखा दाट धावदोरा मारावा. चटका थोपवते ती थरांत अडकलेली हवा. म्हणूनच ओल्या घडीने भांडं धरू नये, पाणी उष्णता झटकन हातापर्यंत पोचवतं. राहता राहिले हळदीचे डाग. साबण लागताच ते लाल होतात, पण धुऊन वऱ्हाडच्या उन्हात टाकले की फिके पडतात. कोरं कापड असेल तर बेतण्याआधी भिजवून आटवावं.