शर्यतीच्या क्वाड बाइकचे इंजिन पुन्हा बांधताना

चार फुगीर टायर, मोटारसायकलसारखे हँडल आणि स्वाराच्या दोन्ही पायांमध्ये बसवलेले इंजिन अशा रचनेची क्वाड बाइक आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेली असते ती समुद्रकिनाऱ्यावर भाड्याने फिरवली जाणारी. अमेरिकेत मात्र मोटोक्रॉसच्या मातीच्या ट्रॅकवर आणि ‘ग्रँड नॅशनल क्रॉस कंट्री’ मालिकेतील जंगलवाटांवर, जिथे मुख्य शर्यत दोन तास चालते, हेच वाहन सर्वस्वी निराळ्या कामाला लागते. तिथल्या यंत्रांपैकी यामाहाची वायएफझी ४५० आर ही एक ठळक गाडी. तिचे इंजिन एका सिलिंडरचे व ४४९ घन सेंटिमीटरचे असून सिलिंडरचा व्यास ९५ मिलिमीटर आहे, तर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली होण्याची मजल, ६३.४ मिलिमीटर आहे. मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या गतीने हे इंजिन फिरते तेव्हा पिस्टन सरासरी सेकंदाला २१ मीटर धावतो आणि त्या एका सेकंदात सुमारे ३३३ वेळा थांबून दिशा बदलतो. अशा इंजिनाचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नसल्याने ते तासांत मोजले जाते.

काही हंगाम असे गेल्यावर इंजिन उघडावे लागते. आपल्या गॅरेजांच्या भाषेत सांगायचे तर पिस्टन, रिंगा, सिलिंडर आणि हेड एवढ्यावर भागले तर ते ‘हाफ इंजिन’, आणि क्रँकपर्यंत जावे लागले तर ‘फुल इंजिन’. कोणते काम करायचे हे मात्र सुटे भाग मांडून बसल्याशिवाय ठरत नाही, कारण झीज डोळ्यांपेक्षा मापांना आधी दिसते.

या झिजेचे मोठे कारण धूळ हे होय. हवेच्या फिल्टरचा तेल लावलेला स्पंज नीट बसला नाही किंवा शर्यतीगणिक धुतला गेला नाही, तर वाळूचे बारीक कण हवेबरोबर आत जातात आणि तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखे काम करतात. पिस्टनच्या अंगावर, विशेषतः हवा आत येते त्या बाजूला, उभे मंद ओरखडे दिसले आणि इनलेट व्हॉल्व्ह एक्झॉस्ट व्हॉल्व्हपेक्षा जास्त झिजलेले आढळले, तर संशय फिल्टरवरच जातो. इतक्या महागड्या यंत्राचा घात त्यातील सर्वांत स्वस्त वस्तूने करावा, हे चमत्कारिकच.

व्हॉल्व्हची गोष्ट थोडी उलटी आहे. या इंजिनात टायटॅनियमचे पाच व्हॉल्व्ह आहेत. टायटॅनियम पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचे असल्याने व्हॉल्व्ह इतक्या वेगाने उघडमीट करू शकतात. सामान्यतः झीज झाली की फट वाढते असा समज असतो, परंतु येथे व्हॉल्व्हची कड झिजली की तो आपल्या सीटमध्ये आत रुततो, त्याचे दुसरे टोक कॅमकडे सरकते आणि दोहोंमधील फट कमी होते. ती पुन्हा पुन्हा कमी होऊ लागली, तर पातळ शिम, म्हणजे फट जुळवणारी चकती, घालून वेळ मारून नेण्यापेक्षा व्हॉल्व्ह बदलून सीट नव्याने कापून घेणेच शहाणपणाचे ठरते. जुन्या मोटारसायकलींचे व्हॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासण्याची सवय येथे उपयोगाची नाही. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर पातळ कठीण थर असतो, आणि तो घासला गेला की व्हॉल्व्ह फार टिकत नाही.

सिलिंडरचेही तसेच. बिडाच्या सिलिंडरला बोअर मारून मोठा पिस्टन टाकणे ही परिचित पद्धत आहे. येथे ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा मुलामा असतो. जर्मनीच्या माले कंपनीने १९६७ मध्ये विकसित केलेला ‘निकासिल’ हा या कुळातील प्रसिद्ध मुलामा. तो शाबूत असेल तर हलके होनिंग पुरते. सोलला गेला असेल तर सिलिंडर नव्याने मुलामा देण्यासाठी पाठवावा लागतो किंवा बदलावा लागतो. नवी रिंग आधी पिस्टनशिवाय सिलिंडरमध्ये ठेवून, पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलून, तिच्या दोन टोकांमधील फट फिलर गेजने मोजली जाते, कारण ती कमी पडल्यास तापल्यावर टोके एकमेकांना भिडून रिंग तुटते.

खरी परीक्षा क्रँकची. कनेक्टिंग रॉड हाताने बाजूला थोडा हलतो ते चालते. पण तो उभ्या दिशेने वरखाली ओढताना किंचितही खुळखुळला, तर खालचे रोलर बेअरिंग गेले असे समजावे. क्रँकचे दोन अर्धे भाग एका पिनवर घट्ट दाबून जोडलेले असल्याने ते प्रेसवर वेगळे करून, नवा रॉड, पिन आणि बेअरिंग घालून पुन्हा दाबावे लागतात. त्यानंतर क्रँक आधारांवर फिरवत, डायल गेजकडे पाहत, तांब्याच्या हातोडीच्या नेमक्या ठोक्यांनी मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत सरळ केला जातो. हे काम लेथवाल्या जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

जोडणीत हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने, ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्यांत आवळले जातात. कॅमची साखळी चढवून खुणा जुळवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतात, कारण फोर-स्ट्रोक इंजिनाचे चक्र दोन फेऱ्यांत पुरे होते. वाटेत कुठे अडले तर जोर न लावता थांबून खुणा पुन्हा तपासतात. मग इंजिन सुरू करून तापवायचे, पूर्ण गार होऊ द्यायचे, असे काही वेळा करून, थोडे चालवल्यावर पहिले तेल काढले जाते. उजेडात धरल्यावर त्यात दिसणारी करड्या धातूची बारीक चमक ही रिंगा बसत असल्याची; बोटाला टोचणारा कण सापडला, तर मात्र इंजिन पुन्हा उघडायचे.